परमुलुखातील कामगार आणि मायदेशचे खाते

घर सोडून दूर देशी राबायला गेलेल्या माणसाचा इतिहास लिहावयाचा, तर कोणती साधने हाती घ्यावीत? जहाजांच्या नोंदी आहेत, करारनामे आहेत, सरकारी अहवाल आहेत. परंतु आमच्या मते ह्या सर्वांहून बोलके असे एक साधन आहे, आणि ते बहुधा ट्रंकेच्या तळाशी, कपड्यांच्या घड्यांखाली सापडते. ते म्हणजे त्याचे पासबुक. तो केव्हा गेला, किती कमावले, कोणत्या महिन्यात घरी लग्न निघाले, केव्हा काम सुटले, हे सारे त्या चार-सहा पानांवर आकड्यांच्या भाषेत लिहिलेले असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परत येण्याचा त्याचा विचार होता की नाही, हेही त्यातून कळते. ज्याला परतायचे नाही तो मायदेशी खाते कशाला ठेवील?

कामगार चळवळीत आमची तीस वर्षे गेली. मजुरीचा दर वाढवून घेण्याच्या लढ्याबद्दल सभांतून पुष्कळ बोलले जाते. पण मिळालेल्या मजुरीवर सत्ता कोणाची चालते, ह्या प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही. परदेशी गेलेल्या कामगाराच्या बाबतीत तर हाच प्रश्न मुख्य आहे. कष्ट एका देशात, कुटुंब दुसऱ्या देशात, आणि पैसा मधल्या वाटेवर! म्हणून ह्या व्याख्यानमालेत आम्ही हा विषय मांडावयास घेतला आहे.

आरंभीच एक कसोटी ठरवून घेऊ. मायदेशचे खाते खरोखर कामगाराचे आहे, असे केव्हा म्हणावे? ते त्याच्या नावाने असावे. त्यात शिल्लक किती हे त्याला केव्हाही कळावे. आणि मागेल तेव्हा त्याचा त्याला पैसा काढता यावा. नाव, हिशेब आणि हात, ह्या तीन गोष्टी. ह्यांतली एक जरी नसली, तरी पासबुकाचा कागद तेवढा कामगाराचा आणि पैसा दुसऱ्याचा, असे समजावे.

मनीऑर्डरीचे युग

आपल्या देशात सरकारी बचत बँका प्रथम इलाख्यांच्या राजधान्यांत निघाल्या. कलकत्त्यास १८३३ मध्ये, मद्रासेस १८३४ मध्ये आणि मुंबईस १८३५ मध्ये. पण गोरगरिबांच्या दाराशी ही सोय आली ती पोस्टामुळे. १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डरीचे काम पोस्टाने हाती घेतले आणि १ एप्रिल १८८२ पासून पोस्टाची सेव्हिंग्ज बँक देशभर सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांतून कोकणातल्या आणि घाटावरच्या खेड्यांकडे जी चांदीची ओहळी वाहत राहिली, ती ह्याच पाटाने. चाकरमान्याने पगाराच्या दिवशी पोस्टासमोर उभे राहावे, लिहिता न येणाऱ्याने दुसऱ्याकडून फॉर्म भरून घ्यावा, खालच्या कुपनावर दोन ओळी खुशालीच्या लिहाव्यात, आणि आठवड्याभराने पोस्टमनने ओटीवर बसून ते पैसे म्हातारीच्या हातावर मोजावेत, असा तो क्रम होता. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरीवर जगतो असे लोक म्हणत, ते उगाच नव्हे.

मनीऑर्डरीचा गुण हा की पैसा नेमक्या हातात पडे. तिचा दोष हा की पैसा आला तसा गेला. वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज, घराची शाकारणी ह्यांतच महिना सरे, आणि वीस वर्षे पाठवणाऱ्याच्या नावावर वीस रुपयेही उरत नसत.

समुद्रापलीकडे गेलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत करारी मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई इलाख्यातून गेलेले मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. गिरमिटाची मुदत संपवून जे परतत, त्यांनी साठवलेली शिल्लक वसाहतीच्या सरकारकडे भरायची आणि हिंदुस्थानात उतरल्यावर येथील कचेरीतून ती उचलायची, अशी व्यवस्था वसाहतींतून होती. म्हणजे मजूर एका जहाजात आणि त्याचा पैसा सरकारी कागदात! बोटीवर चोरी होऊ नये म्हणून ही सोय चांगलीच. पण कचेरीच्या दारात आपली रक्कम बरोबर आहे की नाही, हे अंगठा उठवणाऱ्याने कसे ताडून पाहावे? नाव होते, हिशेब नव्हता.

खलाशांच्या बाबतीत मात्र एक शहाणपणाची रीत दिसते. कोकण-गोव्याचे कितीतरी लोक आगबोटींवर नोकरीस असत. जहाजावर चढण्यापूर्वी खलाशाने आपल्या पगारातला ठराविक भाग घरी कोणाला द्यावा हे लिहून द्यावे, आणि मालकाने तो परस्पर घरी पोचवावा, अशी तरतूद जहाजांच्या कायद्यात फार वर्षांपासून आहे. आपल्या १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यातही ती आली. येथे कामगाराची इच्छा प्रथम आणि पैशाची वाट नंतर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण पुढे जगात दोन ठिकाणी हाच क्रम उलटा झाला आणि त्याचे फळ लाखो कामगारांना भोगावे लागले.

सक्तीच्या बचतीचे दोन धडे

पहिले ठिकाण मेक्सिको. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शेतांवर आणि रेल्वेवर माणसे कमी पडली, तेव्हा ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको ह्या दोन सरकारांत करार होऊन मेक्सिकोचे मजूर तिकडे जाऊ लागले. त्यांना ब्रासेरो, म्हणजे बाहूंच्या बळावर जगणारे, म्हणत. पहिल्या काही वर्षांत त्यांच्या मजुरीतून शेकडा दहा कापून घेतले जात. ही रक्कम मायदेशच्या बँकेत तुमच्या नावे जमा होईल, परत गेल्यावर घ्या आणि शेतीला अवजारे विकत घ्या, असे त्यांना सांगण्यात आले होते. हेतू किती उदात्त! पैसा अमेरिकेतील बँकेतून मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेत आणि तेथून तिथल्या शेतकी बँकेत, असा प्रवास करीत गेला. परंतु पुष्कळ मजुरांच्या हाती त्यातले काहीच आले नाही. कित्येकांना आपल्या नावे असा काही फंड आहे, हेही ठाऊक नव्हते. २००१ मध्ये म्हाताऱ्या झालेल्या ह्या मजुरांनी अमेरिकेतील न्यायालयात दावा लावला. २००८ मध्ये तडजोड झाली आणि १९४२ ते १९४६ ह्या काळात काम केल्याचा पुरावा दाखवणाऱ्यास किंवा त्याच्या वारसास ३८,००० पेसो देण्याचे ठरले. साठ वर्षांनंतर! आणि पुरावा कोणी जपून ठेवला असेल, हा प्रश्न वेगळाच.

दुसरे ठिकाण मोझांबिक. १९७९ च्या करारान्वये तिथले हजारो तरुण पूर्व जर्मनीच्या कारखान्यांत गेले. त्यांच्या पगाराचाही मोठा भाग कापून ठेवला जाई. काही वर्षे तर तो शेकडा साठांपर्यंत होता. 'मायदेशी गेल्यावर मिळेल' हेच आश्वासन. प्रत्यक्षात ह्या रकमा मोझांबिकच्या पूर्व जर्मनीकडील कर्जात वळत्या करून घेण्यात आल्या. १९९० मध्ये पूर्व जर्मनीच नाहीशी झाली, कामगार घरी पाठवले गेले, आणि ज्या खात्याच्या भरवशावर त्यांनी पोटाला चिमटा घेतला होता ते खाते रिकामे निघाले. पुढे कित्येक वर्षे हे लोक मापुतो शहराच्या रस्त्यांवर दर बुधवारी मोर्चा काढीत राहिले.

दोन्ही सरकारे आपल्याला कामगारांची म्हणवत होती. एक क्रांतीचा वारसा सांगणारे, दुसरे समाजवादाचा. म्हणून आम्ही हे उदाहरण मुद्दाम सांगतो. मालक लबाड असला म्हणजेच कामगाराचा पैसा बुडतो, असे नव्हे. खात्याची किल्ली कामगाराच्या हाती नसली, तर ती सज्जनाच्या हाती आहे की दुर्जनाच्या, ह्याने फारसा फरक पडत नाही.

आखातातला रुपया

आता आपल्या लोकांकडे वळू. आज ज्यांना आपण आखाती देश म्हणतो, तेथे एके काळी आपलाच रुपया चालत असे. कुवेत, बहारीन, कतार ह्या भागांत व्यवहार रुपयाचा असल्याने तेथील नोकराला हुंडणावळीची चिंता नव्हती. पण त्यातून सोन्याच्या चोरट्या व्यापाराला ऊत आला. येथल्या नोटा तिकडे न्यायच्या, सोने आणायचे, आणि त्या नोटा शेवटी रिझर्व्ह बँकेपुढे स्टर्लिंगसाठी यायच्या. म्हणून १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढण्यात आल्या. कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार आणला, बहारीनने १९६५ मध्ये. मग आले ६ जून १९६६ चे अवमूल्यन. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम ७ रुपये ५० पैसे झाला. ज्या राज्यांत अजून रुपया चालत होता, तीही त्यानंतर एकेक करून त्यापासून दूर झाली. शेवटी १९७० मध्ये ओमानही.

त्या एका दिवसाने परदेशी राहणाऱ्याला एक धडा दिला. ज्याची शिल्लक दिनारात होती, त्याचे मायदेशी अधिक रुपये झाले. ज्याने इमानेइतबारे रुपये साठवले होते, त्याची पुंजी परदेशच्या बाजारात घटली. मायदेशी खाते ठेवणे म्हणजे मायदेशच्या चलनाचे सुखदुःख आपल्या अंगावर घेणे होय.

दोन खाती, दोन वाटा

१९४७ च्या परकी चलन नियंत्रण कायद्याखाली एकदा देशात आलेला पैसा परत बाहेर नेणे ही सोपी गोष्ट नव्हती. आत येण्याची वाट रुंद, बाहेर जाण्याची चिंचोळी. त्यामुळे परदेशस्थ माणूस पैसा पाठवताना बिचके. ही अडचण ओळखून फेब्रुवारी १९७० मध्ये 'अनिवासी बाह्य' खात्याची योजना निघाली. लोक तिला एनआरई म्हणतात. बाहेरून आलेला पैसा रुपयांत ठेवायचा, आणि मुद्दल व व्याज दोन्ही केव्हाही बाहेर नेण्यास मोकळीक. पुढे नोव्हेंबर १९७५ मध्ये परकी चलनातच ठेव ठेवण्याची एफसीएनआर योजना आली. मधल्या काळात, १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव चौपट झाले होते आणि आखातात रस्ते, बंदरे, इमारती ह्यांच्या कामांना पूर आला होता. केरळ, गोवा, आणि आपल्याकडील खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा ह्या भागांतून गवंडी, फिटर, वेल्डर, ड्रायव्हर तिकडे जाऊ लागले.

ह्या दोन योजनांत एक भेद होता, आणि तो वर्गाचा भेद होता असे आम्हांस वाटते. एफसीएनआर ही मुदतीची ठेव. रुपया घसरला तर होणारे नुकसान त्या पहिल्या योजनेत रिझर्व्ह बँक सोसत असे. म्हणजे ज्याला मोठी रक्कम वर्ष-दोन वर्षे बाजूला ठेवता येत होती, त्याची जोखीम देशाच्या तिजोरीवर. उलट ज्याच्या घरी दर महिन्याला चूल पेटायची होती, त्या फिटरला रुपयांच्या खात्याशिवाय गत्यंतर नव्हते. त्याची जोखीम त्याच्याच माथी. हा भार पुढे इतका वाढला, की १९९३ मध्ये नवी योजना आणून हुंडणावळीची जोखीम बँकांवर टाकावी लागली आणि १९९४ मध्ये जुनी योजना बंद करावी लागली.

परीक्षेचे वर्ष

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर चाल केली. तेथे लाखाहून अधिक भारतीय होते. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्यांनी, ५९ दिवसांत, त्यांना मायदेशी आणले गेले. त्या प्रसंगाचे वर्णन विमानांच्या पराक्रमाने संपते. पण उतरलेल्या माणसाच्या खिशात काय होते, हेही इतिहासाने विचारावे. कुवेती दिनार आधी इराकी दिनाराच्या पातळीवर आणला गेला आणि मग चलनातून काढून टाकण्यात आला. बरोबर आणलेल्या नोटांचे मोल काय, हे कोणालाच सांगता येईना. तिथल्या बँकांत असलेला पैसा तिथेच अडकला. ज्याने महिन्याच्या महिन्याला गावच्या बँकेत पैसे टाकले होते, त्याची तेवढी शिल्लक मात्र सुरक्षित राहिली. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने नुकसानभरपाईचा आयोग नेमला. केवळ देश सोडावा लागल्याबद्दल ठराविक रक्कम मिळे. त्याहून अधिक मागायचे तर पुरावा लागे. अशा वेळी पासबुकाचे एक पान सोन्याच्या मोलाचे ठरते.

त्याच सुमारास दुसरे एक नाटक चालले होते. देशाची पत घसरते आहे असे दिसताच ऑक्टोबर १९९० पासून अनिवासी ठेवी काढून नेल्या जाऊ लागल्या. परकी चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे १९९१ मध्ये २० टन आणि जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने देशाबाहेर पाठवून पैसा उभा करावा लागला. ठेव काढून नेणारा गुन्हेगार होता, असे आम्ही म्हणत नाही. नियमाने त्याला ती मुभा होती. आमचे म्हणणे एवढेच, की व्याजासाठी आलेला पैसा आणि चुलीसाठी आलेला पैसा ह्यांत फरक आहे. पहिला संकट दिसताच पळतो. दुसऱ्याला पळायला जागाच नसते.

ह्यानंतर सरकारला परदेशस्थांची आठवण वरचेवर झाली. १९९१ मध्ये विकास रोखे, १९९८ मध्ये अणुचाचणीनंतर रिसर्जंट इंडिया रोखे, २००० मध्ये मिलेनियम ठेवी. आणि २०१३ मध्ये रुपया घसरताच रिझर्व्ह बँकेने बँकांना खास सवलत देऊन सुमारे २६ अब्ज डॉलरच्या एफसीएनआर ठेवी गोळा केल्या. तहान लागली की विहीर आठवते. पण विहीर खणणारा कोणाला आठवत नाही.

भावाच्या नावचे खाते

आता जे आमच्या कचेरीत वारंवार येते ते सांगतो. उत्तर रत्नागिरीतला एक फिटर अठरा वर्षे आखातात होता. जाताना त्याचे स्वतःचे खाते नव्हते. म्हणून पैसे थोरल्या भावाच्या खात्यात जात. भाऊ प्रामाणिक होता. त्याने त्यातून घर बांधले, बहिणीचे लग्न केले, उरलेले शिल्लक ठेवले. मग भाऊ अचानक वारला. बँकेच्या दृष्टीने ती शिल्लक भावाची, म्हणून ती त्याच्या वारसांची. घराची घरपट्टीही भावाच्याच नावे. ह्या फिटरने अठरा वर्षे उन्हात जाळली आणि त्याच्या नावाचा एकही कागद निघेना. भावजय म्हणाली, "भावोजी, तुमचे तुम्हांला द्यायला मी नको म्हणते का? पण उद्या पोरे मोठी होतील, त्यांचे मन मी कसे सांगू?" तिचेही खोटे नव्हते. येथे कोणी चोर नाही, आणि तरी एका माणसाचे आयुष्य हिशेबातून पुसले गेले.

दुसरा प्रकार ह्याच्या उलट. खाते स्वतःचे, पण परदेशी गेल्याचे बँकेस कळवलेलेच नाही. नोकरीसाठी देश सोडला की कायद्याने येथील साधे खाते 'अनिवासी सामान्य', म्हणजे एनआरओ, करून घ्यावे लागते. येथले भाडे, पेन्शन, शेतीचा पैसा त्यात. परदेशची कमाई एनआरईमध्ये, जिच्या व्याजावर अनिवासी असेपर्यंत प्राप्तिकर नाही. १९७३ च्या कडक कायद्याच्या जागी १ जून २००० पासून सौम्य कायदा आला. तरी हा भेद कायम आहे. पण विमानतळावर हे कोण सांगतो? मग गावचा मोबाइल नंबर बंद पडतो, बँकेचा निरोप पोचत नाही, कागदपत्रे नव्याने देण्याची मुदत टळते, आणि दोन वर्षे व्यवहार न झाल्याने खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे झाली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडील २०१४ च्या ठेवीदार निधीत जाते. ती बुडत नाही, मागता येते. २०२३ पासून अशा ठेवी शोधण्यासाठी 'उद्गम' नावाची सोयही झाली आहे. पण आपले काही हरवले आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो शोधणार काय?

काही सुधारणा झाल्या, त्या मान्य केल्या पाहिजेत. २०११ पासून येथील जवळच्या नातलगास एनआरई खात्यात जोडीला घेता येते. हयातीत त्याने मुखत्यार म्हणून व्यवहार पाहावा आणि पश्चात खाते त्याच्याकडे जावे, अशी रीत आहे. २०२३ पासून दहा देशांतल्या मोबाइल नंबरावरून येथील अनिवासी खाते यूपीआयने चालवण्यास परवानगी मिळाली. त्यांत सौदी अरेबिया, अमिराती, कतार आणि ओमान आहेत. म्हणजे हिशेब आणि हात, ह्या दोन्ही गोष्टी कामगाराच्या खिशात येऊ शकतात. येऊ शकतात, आल्या आहेत असे नव्हे.

आता करावयाचे काय

जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये परदेशस्थांनी भारतात सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले. इतका पैसा दुसऱ्या कोणत्याही देशात आला नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ साली ह्यातला सर्वांत मोठा वाटा, शेकडा २०.५, महाराष्ट्राकडे आला, केरळकडे १९.७. त्यात अमेरिकेतला संगणक अभियंता आहे, तसा म्हसळ्याचा वेल्डरही आहे. अभियंत्याला नियम वाचता येतात. वेल्डरला ते कोणीतरी त्याच्या भाषेत सांगितले पाहिजेत.

१९८३ च्या कायद्याप्रमाणे कमी शिकलेल्या कामगारास कित्येक देशांत जाण्यापूर्वी सरकारी परवाना घ्यावा लागतो. आमची मागणी साधी आहे. त्या परवान्याबरोबरच त्याच्या स्वतःच्या नावाचे खाते उघडून द्या. वारस कोण हे त्याच वेळी लिहून घ्या. नियमांचा एक मराठी कागद त्याच्या हातात ठेवा. आणि खाते निष्क्रिय होण्यापूर्वी गावच्या पत्त्यावरही सूचना पाठवा. युनियनांनीही हे काम परके मानू नये. परदेशी गेलेला कामगार आपल्या वर्गणीच्या यादीतून जातो, म्हणून आपल्यातून जात नाही.

आणि ज्यांच्या घरातून उद्या कोणी जाणार असेल, त्यांना एक सांगणे. भावावर विश्वास जरूर ठेवा, पण खाते स्वतःच्या नावे ठेवा. घरखर्चाला पैसे पाठवायचे ते पत्नीच्या स्वतंत्र खात्यात पाठवा, म्हणजे तिलाही दुसऱ्यापुढे हात पसरावा लागणार नाही. शिल्लक आपल्या खात्यात ठेवा. दर वर्षी एकदा तरी हिशेब मागवून तो घरात सर्वांना वाचून दाखवा. ब्रासेरो आणि मोझांबिकचे कामगार ह्यांना आयुष्याची किंमत मोजून जे कळले, ते आपल्याला बँकेतल्या एका फॉर्मवर साधता येण्यासारखे आहे. तेवढा फॉर्म जाण्यापूर्वी भरा.